रजिस्टरात गेलेला कोंबडा

आता जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवावाच असा माझा आग्रहही नाही. पण देवजीशेठच्या दारात मांडव पडला आहे, उद्या त्यांच्या मुलाचं, कुंदनचं, लग्न आहे आणि उरणहून वधूपक्षाची चार वडीलधारी माणसं आजच दुपारी पुढे आलेली आहेत. चहा झाला, पान झालं. मग त्यांनीच विचारलं, की दोन महिन्यांपूर्वी आम्ही स्थळ पाहायला आलो त्या रविवारी तुमच्याकडची सगळी माणसं उन्हाने करपलेली आणि लंगडत का चालत होती? म्हणून सांगणं आलं. या गोष्टीत हौसेराव नावाचा एक शहाणा माणूस येतो. तो मीच. पण ‘मी मी’ करून स्वतःची तारीफ केलेली बरी दिसत नाही, म्हणून आपण त्यांना हौसेरावच म्हणू.

तर भागीरथीबाईंनी, म्हणजे देवजीशेठच्या बायकोने, पंचाण्णव साली डोंगरआईला नवस बोलला. कुंदन कंपनीत कायम झाला की एकरंगी लाल कोंबडा तुझ्या पायाशी देईन. आठव्या दिवशी कुंदनच्या हातात कायम झाल्याचं पत्र पडलं. बाईंनी त्याच संध्याकाळी मुठीएवढं लाल पिल्लू निवडलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि सगळ्या घणसोली गावाला सांगितलं की हा देवीचा.

इथवर सगळं रीतीला धरून झालं. मग सरकारने डोंगराला कुंपण घातलं. पनवेलच्या पुढचा तो अख्खा डोंगर वनउद्यान झाला. पायथ्याशी फाटक आलं, तिकीट आलं, पाटी आली. देवीची शिळा राहिली आत, अगदी माथ्यावर. नवस फेडायचा सूर्य उगवताना आणि फाटक उघडणार सकाळी आठला. देवी बिचारी थांबली, पण कोंबडा काही थांबेना. तो वाढत गेला. देवीचा म्हटल्यावर त्याला हाकलायची सोय नाही. तो जेवत्या माणसाच्या ताटात चोच घाली, देवजीशेठच्या मारुती व्हॅनच्या टपावर बसून सगळं टपावरच उरके, आणि पहाटे साडेतीनला खोली नंबर चारच्या उंबऱ्यावर उभा राहून असा आरवे की भांड्यांवरच्या झाकण्या हलत. देवजीशेठच्या चाळीतली ही खोली नंबर चार भाडेकरू हौसेरावांची. दिवसभर तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहून आलेला माथाडी माणूस, त्याची झोप ती केवढी. पण हौसेरावांच्या मनात कोंबड्याविषयी कधी काही आलं नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

मधल्या दोन वर्षांत कुंदनची चार स्थळं मोडली. एकाला मुलगा बुटका वाटला, एकाची पत्रिका अडली, एक पेणकडे वळलं आणि चौथं चहा पिऊन गेलं ते गेलंच. बाईंनी कारण शोधायला ज्योतिषी गाठला नाही. त्यांनी देवजीशेठला समोर बसवून एकदाच सांगितलं, “नवस फेरल्याशिवाय पाचवा ठाव दारात आनू नका.”

अडचण एवढीच होती की पाचवं स्थळ देवजीशेठनी आणून ठेवलं होतं. उरणची मंडळी, म्हणजे तुम्हीच, येत्या रविवारी संध्याकाळी पाचला यायची होती. वार होता बुधवार.

वाट काढली ती लेकीने, मनस्वीने. ती वाशीच्या कॉलेजात निसर्ग मंडळात होती. परवाना काढला तर उद्यानात रात्रभर तंबू ठोकून राहता येतं, हे तिच्याकडून कळलं. तिला सांगितलं एवढंच की बाबांना एकदा उघड्या आभाळाखाली झोपायचं आहे. आयुष्यात घारापुरीसुद्धा न पाहिलेल्या बापाला हे सुचलं म्हणून पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चार माणसांचा परवाना, तंबू, पाण्याचा कॅन, सगळं तिने दोन दिवसांत जमवलं. कोंबड्याचं तिला कोणी सांगितलं नाही. ‘पाळीव पशुपक्षी आत नेण्यास सक्त मनाई’ अशा पाट्या ती स्वतः रंगवायची.

शनिवारी दुपारी देवजीशेठ, भागीरथीबाई, मनस्वी आणि हौसेराव निघाले. हौसेरावांना का घेतलं, तर तंबू, स्टोव्ह, तांदूळ, पातेली आणि वीस लिटर पाणी न्यायला पाठ हवी होती. मानेला ताजी हळद लावलेला कोंबडा झाकणाच्या वेताच्या पाटीत होता आणि पाटीवर काळी शाल होती. अंधार झाला म्हणजे रात्र झाली, असं कोंबड्याचं शास्त्र असतं. तो आत गप झोपला.

फाटकावर किसन नावाचा वनरक्षक होता. पायथ्याच्याच वाडीतला माणूस, खाकी कपडे आणि काखेत हातभर लांब रजिस्टर. त्याने लिहून घेतलं, माणसं चार, तंबू एक, स्टोव्ह एक. मग पाटीकडे बोट केलं.

“यात काय हाय?”

“देवीचं हाय,” भागीरथीबाई म्हणाल्या.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. किसनने पाटीला हात जोडले आणि रजिस्टर मिटलं.

चढायला तीन तास लागले. मनस्वी झाडांची नावं सांगत पुढे, देवजीशेठ तुटलेली चप्पल हातात घेऊन मागे, आणि मधे बाई डोक्यावर पाटी घेऊन. ती पाटी त्यांनी कोणाला शिवू दिली नाही. हौसेरावांच्या पाठीवर उरलेला संसार होता. माथाडीच्या पाठीला चढ कळत नाही, फक्त वजन कळतं, त्यामुळे ते सगळ्यांच्या आधी पोचले आणि बिडी ओढून मोकळे झाले.

माथ्यावर तंबू लावणं हे देवजीशेठनी अंगावर घेतलं. ज्याने इंजिनियर न बोलावता बारा खोल्यांची चाळ उभी केली त्याला हे फडकं काय जड, असं त्यांचं म्हणणं. पाऊण तास गेला. तंबू उभा राहिला तेव्हा भागीरथीबाईंनी सूर्याकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं आणि आत पाय टाकायला नकार दिला. दार दक्षिणेला होतं. घरात लग्नकार्य निघालंय आणि दक्षिणेच्या दारातून आत जायचं? मनस्वीने सांगून पाहिलं की तंबूला वास्तुशास्त्र नसतं. बाई पाटी घेऊन एका धोंड्यावर बसून राहिल्या. तंबू मोडला आणि पूर्वेला तोंड करून पुन्हा उभारला. पूर्वेला नेमकी दुसरी छावणी होती, त्यामुळे आता दोन्ही दारं समोरासमोर आली, चाळीतल्यासारखी.

त्या छावणीत आठ पक्षीनिरीक्षक होते. त्यांचा म्होरक्या इंद्रजित, बेलापूरच्या एका बँकेतला साहेब. गळ्यात दुर्बीण, खिशात वही, आणि पक्ष्यांचे आवाज भरून घ्यायला एक टेपरेकॉर्डर. माणूस सज्जन, पण कुजबुजत बोलायची सवय. त्याने कुजबुजत सांगितलं की इथे करडा रानकोंबडा आहे, त्याचा आवाज ऐकायला आम्ही तीन वर्षं येतोय, तर कृपा करून पहाटे शांतता ठेवा.

देवजीशेठनी मोठ्याने शब्द दिला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पहाटे साडेतीनला, शाल असो की पाटी असो, दोन वर्षांची सवय जागी झाली. कोंबडा आरवला. मनस्वी ताडकन उठली. “बाबा, आपल्या तंबूत कोंबडा आहे.” देवजीशेठ म्हणाले की झोप, स्वप्न पडलं असेल. कोंबडा दुसऱ्यांदा आरवला. आता स्वप्न म्हणायची सोय राहिली नाही. बापलेकीत जे बोलणं झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो की निसर्ग मंडळाचा बिल्ला काढून तिने पिशवीत ठेवला.

तेवढ्यात बाहेर आठ बॅटऱ्या लागल्या. इंद्रजित साहेब हातात टेपरेकॉर्डर घेऊन तंबूपासून चार हातांवर रांगत होते. “हलू नका,” ते कापडाबाहेरून कुजबुजले, “तो तुमच्या अगदी जवळ आहे.”

तो भागीरथीबाईंच्या मांडीवर होता.

उजाडेपर्यंत ते आठ जण तंबूभोवती गोल करून बसले. आत कोंबड्याची चोच धरून बाई बसलेल्या. नवस फेडायची सुरी देवजीशेठच्या पंच्यात गुंडाळलेली, पण आठ माणसांच्या देखत ती काढणार कशी? मनस्वीने तर सांगून टाकलं होतं की इथे एक थेंब रक्त सांडलं तर मीच जाऊन फाटकावर सांगेन. शेवटी बाईंनीच मार्ग बदलला. कापायचा नाही, तर देवीला जिवंत सोडायचा. आमच्यातही चालतं, तुमच्यातही चालतं. मात्र त्याची रीत आहे. कोंबड्याच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं म्हणजे देवीने घेतला. नाही झाडलं तर घेतला नाही, आणि न घेतलेला जिन्नस देवीच्या दारात टाकून येता येत नाही.

एवढं ठरतंय तोवर बाईंचा हात जरा सैल पडला. कोंबडा तंबूच्या फटीतून निसटला, आठ माणसांच्या मधून चालत गेला आणि थेट देवीच्या शिळेवर चढून उभा राहिला. सूर्य नेमका तेव्हाच वर आला. फटाफट फोटो निघाले. इंद्रजित साहेबांचा आवाज कुजबुजायचा तोही बंद झाला. या डोंगरात रानकोंबडा करडा असतो. हा लाल होता. शिवाय मानेवर हळदीसारखा पिवळा पट्टा होता, जो म्हणे कुठल्याच पुस्तकात नाही. त्यांनी एका पोराला पळवलं, सकाळच्या फेरीवर आलेल्या किसनला बोलावलं आणि आठ सह्यांनिशी त्याच्या रजिस्टरात नोंद करवली. रानकोंबडा, लाल, नर, एक.

नोंद झाली म्हणजे कोंबडा सरकारी झाला. हे त्या घडीला हौसेराव सोडून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

निरीक्षक मंडळी खूश होऊन नाश्त्याला गेली. मग बाईंनी शिळेपुढे बसून कोंबड्यावर पाणी शिंपडलं. तो बघत राहिला. आणखी शिंपडलं. त्याने एक डोळा मिटला. कौल लावताना बोलायचं नाही, कोंबड्याला हात लावायचा नाही, वाट बघायची. साडेसात वाजले, साडेआठ वाजले. देवजीशेठचं लक्ष घड्याळाकडे. पाचला उरणची माणसं. त्यांनी ओंजळभर पाणी घातलं, मग तांब्याभर घातलं. शेवटी वैतागून कॅनच त्याच्यावर उपडा केला. पिण्याचं पाणी गेलं. कोंबडा नखशिखांत भिजला आणि तसाच, देवळातल्या पुजाऱ्यासारखा, निथळत उभा राहिला. अंग म्हणून झाडलं नाही.

“आई, काय चुकलाय माजा, सांग तरी,” भागीरथीबाई शिळेला म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला तेव्हा मनस्वीसुद्धा त्यांच्या शेजारी येऊन बसली. पोरीला कोंबड्याचं काही नव्हतं, पण भावाची चार स्थळं तिनेही मोडताना पाहिली होती.

साडेनऊला तहानेने निघावंच लागलं. ठरलं असं की तो शिळेवर आहे तर असू दे, आपण पाठ फिरवू, पुढचं देवी बघेल. दहा पावलं गेले नसतील तोच मागून टपटप आवाज आला. जो दोन वर्षं बाईंच्या हातचे तांदूळ खाऊन वाढला तो डोंगरात कशाला राहतो? देवजीशेठनी दगड उचलून त्याला भिववलं. तो दगडाच्या दिशेने धावत आला, काही खायला टाकलं असेल म्हणून. उतरताना तीन वेळा त्याला झुडपात ठेवून सगळे पळाले. तिन्ही वेळा तो पुढच्या वळणावर यांची वाट बघत उभा. तुम्ही त्या दिवशी पायांत पाहिलेत ते काटे या पळापळीतले.

साडेबाराला फाटक आलं. किसनने रजिस्टर उघडलं.

“माणसा चार, तंबू एक, स्टोव एक. आनि ह्यो?”

“ह्यो आमचा हाय,” देवजीशेठ म्हणाले.

“तुमचा कसा? सकाली साहेबानी लिवून दिलाय, रानकोंबरा. रानचा पक्षी भायेर न्यायला बंदी हाय.”

“अरे बाबा, रानचा नाय. घरचा हाय, घनसोलीचा.”

किसनने पान मागे उलटलं. “घरचा म्हंजे काल तुमी आत आनला. आनायला पन बंदी हाय. त्याचा दंड येगला.”

“मग रानचाच धर.”

“रानचा धरला तर न्यायचा गुना. त्याला तुरुंग हाय.”

देवजीशेठ कपाळाला हात लावून पायरीवर बसले. सगळी जमीन नव्या शहरासाठी गेली तेव्हा सरकारशी अकरा वर्षं भांडलेला माणूस, पण असा पेच त्यांना कोणी घातला नव्हता. त्यात इंद्रजित साहेब खाली उतरले. कोंबडा माणसांच्या मागे चालताना बघून त्यांनी वही काढली आणि ‘अत्यंत निर्भय स्वभाव’ असं लिहिलं. हा घरचा आहे असं म्हणणाऱ्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही, असंही ते म्हणाले. मनस्वी त्यांना खरं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात आईने तिचा हात दाबला. मागे शाळेच्या सहलीची बस उभी राहून हॉर्न मारत होती. एक वाजत आला. पाचला उरण.

बाईंना कोंबडा परत न्यायचाच नव्हता, देवीला दिलेला जीव घरात कसा घेणार? आणि कौल मिळाल्याशिवाय टाकवतही नव्हता. एकीकडे नवस, दुसरीकडे पाहुणे.

आणि इथे हौसेराव पुढे झाले.

“वहिनी, शेठ, तुमी निघा,” ते म्हणाले. “गाडीत बसा आन वेळेत घरला जा. मी ह्याला घिऊन परत वर जातो. देवीपुढं बसतो. त्यो अंग झाडंपतोर उठत न्हाई. मग वर्ष लागलं तरी चालंल.”

भागीरथीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बारा बिऱ्हाडांत असा भाडेकरू त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी पाटी आणि शाल हौसेरावांच्या हातात दिली, आणि व्हॅन निघाली.

आता इथून पुढे साक्षीला कोणी नाही, म्हणून नीट ऐका. हौसेराव उन्हातान्हात पुन्हा माथ्यावर चढले. पोटात अन्नाचा कण नाही, घशात पाण्याचा थेंब नाही. कोंबड्याला शिळेपुढे ठेवलं आणि हात जोडून बसले. पाणी तर संपलेलं, शिंपडणार काय? त्यांनी डोळे मिटून म्हटलं, आई, घाम आहे तेवढाच आहे. आणि कपाळावरचा घाम बोटाने त्याच्यावर उडवला. पाच वाजायला एक मिनिट होतं. शिळेमागून वारा आला, घंटा नसताना घंटा वाजली, आणि कोंबड्याने अंग झाडलं. एकदा नाही, तीनदा. मग झुडपातून एक बिबळ्या बाहेर आला. हा एवढा. हौसेरावांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तो कोंबड्यापुढे बसला, कोंबडा त्याच्या पाठीवर चढला आणि दोघं शिळेला उजवी घालून रानात निघून गेले.

आणि त्याच मिनिटाला, पाच वाजता, इकडे घणसोलीत तुम्ही मंडळी पायऱ्या चढलात. विचारा भागीरथीबाईंना. बसल्यापासून अर्ध्या तासात तुम्ही होकार दिलात की नाही? चार स्थळं मोडली, पाचवं तुम्ही चहा निवायच्या आत जमवलंत, ते काय उगाच?

हे ऐकून उरणच्या म्हाताऱ्या मामांनी डोंगराच्या दिशेने हात जोडले. देवजीशेठ खांबाला टेकून मान डोलवत होते. मनस्वी बिबळ्यापाशी जरा हसली होती, पण आईकडे बघून तिने हसू आवरलं. भागीरथीबाई उद्याच्या हळदीचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांनी पदराने डोळे टिपले. दोन महिने ही बाई आमच्याकडून खोलीची पाणीपट्टीसुद्धा घेत नव्हती.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माणसं अशी तल्लीन झाली की अजून एक घास द्यावासा वाटतो. म्हणून सांगितलं की संध्याकाळी सातला हौसेराव रिकामी पाटी घेऊन परत आले, पण देवीचं असं दर्शन झाल्यावर अन्न कसं जाणार? त्या रात्री त्यांनी कडकडीत उपास धरला आणि पाण्यावर झोपले.

हौसेरावांची बायको वेणूबाई मांडवाच्या कोपऱ्यात उद्याच्या जेवणाचा लसूण सोलत बसली होती. गोष्ट ती निम्मीच ऐकत होती. तिने मान वर केली.

“उपास कुटला? अवो, त्या आइतवारी तर तुमी पिशवीतनं कापलेला कोंबडा आनलासा की, बाजारातला म्हून. दोन डाव रॉकेल भरलं, अकरा वाजलं, तरी शिजंना. तुमीच म्हनालासा, शिजू दे, आज लई दिसांनी झोप लागंल.” मग तिच्या हातातली पाकळी तशीच राहिली आणि तिने सावकाश भागीरथीबाईंकडे पाहिलं. “अगं बया. त्यो देवीचा व्हता व्हय?”